डोक्यामागची गाठ आणि मोहाचं झाड

मुखवटे गावात आले नसते, तर ती गाठ मी सोबत घेऊनच मेले असते.

गाठ डोक्याच्या मागच्या बाजूला होती, अंबाडा बांधते त्याच्या वर. पोरगा पोटात होता तेव्हा चिंचोक्याएवढी होती. तो शाळेत जायला लागला तेव्हा सुपारीएवढी झाली, त्याचं लग्न झालं तेव्हा लिंबाएवढी, आणि मग तिथंच थांबली. दुखत नव्हती, खाजत नव्हती. बोटानं ढकलली की कातडीखाली सरकायची, बोट काढलं की जागेवर यायची. रिकामी बसले की मी तिला ढकलत बसायचे. दुसऱ्या बायका तंबाखू मळतात, मी गाठ ढकलायचे. तिच्यामुळे माझं काहीच अडलं नव्हतं. डोक्यावर मोळी घेताना तिच्याखालची कापडाची चुंबळ थोडी पुढे ठेवायची, एवढंच.

गावाला मात्र गाठीबद्दल मतं होती. कोणी म्हणायचं चुना लाव, कोणी म्हणायचं घोड्याच्या शेपटीचा केस बांध. आमच्या भागात घोडा कुठून आणायचा हे कोणी सांगत नव्हतं. सगळ्यात जास्त मतं माझ्या धाकट्या जावेला होती. तिचं घर माझ्या घराला लागून आहे. दोघींचे नवरे गेले, भिंत तेवढी मधे राहिली, आणि भिंतीतून तिचा आवाज येतो. तिचं म्हणणं, गाठीत कोणीतरी आहे, जंगलातल्या पाड्यावर पुजाऱ्याला दाखव. तिच्या घरात बुद्धाचा फोटो आहे, माझ्याही घरात आहे. मी म्हटलं, गाठीत कोणी राहत असेल तर इतक्या वर्षांत एकदा तरी घरकामाला हात लावला असता. त्यावर ती चार दिवस बोलली नाही. बरे गेले ते दिवस.

आता झाडाचं सांगते, कारण पुढचं सगळं झाडामुळे झालं.

गावाच्या उत्तरेला जंगल लागतं. त्यात आत, नाल्याच्या पलीकडे, एक मोहाचं झाड आहे. त्याखाली माझी सासू वेचायची, मग मी वेचायला लागले. झाड सरकारचं आहे, जंगल खात्याचं आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मोहफुलं कोणी कोणत्या झाडाखाली वेचायची हे गावात ठरलेलं असतं. कागद नसतो. पानगळ झाली की खराटा घेऊन जो झाडाखालचं झाडून ठेवतो, त्याचं झाड. एका मोसमात तुम्ही गेला नाहीत आणि दुसऱ्यानं झाडलं, तर झाड त्याचं झालं. भांडण करता येत नाही, कारण सगळ्यांनीच कधी ना कधी कोणाचं तरी झाड असंच घेतलेलं असतं. माझ्या जावेचं झाड वादळात पडलं होतं. तेव्हापासून तिची नजर माझ्या झाडावर होती. ती तसं बोलत नव्हती. ती फक्त म्हणायची, बाई, तुझे गुडघे आता दुखत असतील.

पोरगा बल्लारपूरला कागदाच्या मिलमध्ये ठेकेदाराकडे आहे. सकाळच्या गाडीनं जातो. सून अंगणवाडीत जाते. मोहफुलं पहाटे पडतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं खातात, हरणं खातात. म्हणजे माझ्याशिवाय जाणारं कोणी नव्हतं. मी गेले नाही तर झाड जाणार, हे मला ठाऊक होतं आणि जावेलाही ठाऊक होतं.

त्या वर्षी हिवाळ्यात शेजारच्या गावातला एक माणूस वाघानं नेला. सरपण आणायला गेला होता, मागून धरला. मग मीटिंग झाली. आमच्या भागाचा जंगल खात्याचा गार्ड तरणा होता आणि त्याला गावाची काळजी होती. काळजी असलेला साहेब फार वाईट. बिनकाळजीचा साहेब घरी बसतो. हा आधी मुलचेऱ्याकडे होता, तिकडे बंगाली लोकांची गावं आहेत. तिथल्या एका म्हाताऱ्यानं त्याला सांगितलं होतं की तिकडे बंगालात, त्यांच्या मूळ मुलखात, लोक डोक्याच्या मागे माणसाचा मुखवटा बांधून जंगलात जातात. वाघ मागून येतो, त्याला वाटतं माणूस आपल्याकडेच पाहतोय, आणि तो परत जातो. गार्डनं ते मनावर घेतलं, वरच्या साहेबांना सांगितलं आणि एक पोतं भरून मुखवटे आणले.

मुखवटा प्लास्टिकचा होता. गोरा माणूस, गालाला लाली, काळ्या मिशा, तोंडभर हसू. आमच्या गावात असा माणूस एकही नाही. सगळे मुखवटे एकाच चेहऱ्याचे. बायकांनी ते बांधले तेव्हा सगळ्या गावाला एकच नवरा मिळाल्यासारखं दिसायला लागलं. कुत्री पहिल्या दिवशी भुंकून भुंकून घसा बसवून बसली. माझी जाऊ पाठमोरी उभी असली की मिशीवाला हसायचा, आणि ती वळली की हसू जायचं. मला मिशीवाला बरा वाटायला लागला होता.

गार्डनं शाळेच्या पटांगणात तपासणी ठेवली. नियम असा की मुखवट्याची नजर मागे सरळ गेली पाहिजे. वाघाची उंची माणसाच्या उंचीहून कमी, म्हणून गार्ड प्रत्येकीच्या मागे हातपाय टेकून ओणवा व्हायचा आणि मान वर करून पाहायचा. अंगावर वर्दी, गुडघ्याला माती. बायका एकेक करून त्याच्यापुढून चालत जायच्या आणि तो मागे रांगत जायचा. कोणी हसलं की रागवायचा.

“हसू नका. मी आता वाघ हाओ.”

माझी पाळी आली. मी मुखवटा बांधला आणि चालले. मागे रांगण्याचा आवाज आला, मग थांबला.

“बाई, हा माणूस त तुमच्या टाचा पाहून राह्यला.”

गाठ मुखवट्याच्या वरच्या भागाखाली येत होती. वरचा भाग उचलला जायचा, हनुवटी आत जायची, आणि मिशीवाला खाली मान घालून माझ्या टाचांकडे पाहत हसायचा. मुखवटा वर सरकवला तर टोपी झाली. खाली घेतला तर मानेवर लोंबायला लागला. कानाकडे नेला तर गार्ड म्हणाला की वाघ काही बाजूनं नमस्कार करायला येत नाही. अंबाडा सोडला, पुन्हा बांधला, वरून पदर कसला. गार्ड तोवर चार पायांवरच होता. शेवटी त्याचे गुडघे दुखले आणि तो उभा राहिला.

त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं की मुखवटा नाही तर जंगल नाही, आणि मुखवटा म्हणजे सरळ पाहणारा मुखवटा. जंगलात शिरायच्या नाक्यावर तो रोज सकाळी उभा राहणार होता. मी म्हटलं, मला मुखवटा नको, मी म्हातारी आहे, वाघानं नेलं तर त्याचं नशीब. तो म्हणाला, तुमचं काही नाही, माझी नोकरी जाते.

माझी जाऊ बाजूलाच होती. तिचा आवाज एकदम मऊ झाला.

“बाई, तू घरी राह्य. तुह्यं झाड मी झाडून ठेवीन ना.”

तेव्हा मी ठरवलं की गाठ काढायची.

तालुक्याच्या दवाखान्यात नवीन डॉक्टरीण आली होती. पोरगी तरणी, पुण्याकडची असावी, बोलणं पुस्तकासारखं. तिनं विचारलं, आजी, काय त्रास होतो? मी म्हटलं, काही नाही. दुखतं? नाही. वाढते आहे? नाही. पाणी, पू, काही येतं? नाही. मग का आलात? मी म्हटलं, मुखवटा बसत नाही.

तिनं नर्सकडे पाहिलं. नर्स आमच्याच भागातली, तिनं मान हलवली, म्हणजे मी वेडी नाही असं सांगितलं.

डॉक्टरणीनं गाठ नीट पाहिली. केस बाजूला करून गाठीला कुठं बारीक तोंड आहे का ते पाहिलं. चामडीच्या मळाची गाठ असली तर तिला असं काळं तोंड असतं आणि ती वरच्या कातडीला चिकटलेली असते, असं ती म्हणाली. माझ्या गाठीला तोंड नव्हतं. मग तिनं दोन बोटांनी गाठीची कड दाबली आणि गाठ बोटाखालून निसटली. पुन्हा दाबली, पुन्हा निसटली. मला बरं वाटलं, इतकी वर्षं मी करत होते ते डॉक्टरी होतं तर. ती म्हणाली, अशी निसटते म्हणजे ही चरबीची गाठ. चरबी एका जागी जमते आणि भोवती पातळ पापुद्रा तयार होतो. कॅन्सर नाही. आपोआप जात नाही आणि काही वाईटही करत नाही. बहुतेक लोक तशीच ठेवतात. तुम्हीही ठेवा.

मी म्हटलं, “इतकी वर्सं तिनं मले काई केलं नाई, मले मालूम हाये. आता करून राह्यली.”

“काय करतेय?”

“माह्यं झाड घेऊन राह्यली.”

मग मी तिला झाडाचं सांगितलं, जावेचं सांगितलं, गार्ड रांगतो तेही सांगितलं. बाहेर रांग होती. रांगेतली माणसं दारात येऊन उभी राहिली, कारण आतलं जास्त चांगलं होतं. डॉक्टरीण शेवटी म्हणाली की पुढच्या वेळी मुखवटा घेऊन या, मला पाहू द्या.

मी मुखवटा बांधूनच गेले. बसमध्ये मागच्या सीटवरचं पोर सगळा रस्ता रडलं. डॉक्टरीण खुर्ची सोडून माझ्या मागे आली. मला वाटलं हीसुद्धा रांगते की काय. ती रांगली नाही, नुसती वाकली. बराच वेळ पाहिलं. मग मुखवटा हातानं सरळ दाबला, सोडला, पुन्हा तो टाचांकडे गेला. नर्स तोंडावर रुमाल धरून उभी होती. डॉक्टरीण हसली नाही. तिनं सांगितलं की अशी गाठ चार कारणांनी काढतात. दुखत असेल तर, वाढत असेल तर, काय आहे याची शंका असेल तर, आणि माणसाच्या कामाला अडचण होत असेल तर. तुमचं चौथ्यात बसतं. मी तिला म्हटलं, कशातही बसवा, पण मोहफूल लागायच्या आत बसवा.

त्याआधी चंद्रपूरला जाऊन सोनोग्राफी करायला सांगितली. गाठ डोक्यावर आहे, तेव्हा ती कातडीखालीच आहे की खाली हाडाशी काही आहे, हे पाहायला हवं. पोरानं मिलमधून सुट्टी घेतली. तिथं अंधाऱ्या खोलीत पालथं झोपवलं आणि गाठीवर थंडगार चिकट पदार्थ लावला. मशीनवाल्या डॉक्टरनंही तेच विचारलं, त्रास काय. मी म्हटलं, मुखवटा. त्यानं मशीन बंद केलं, दिवा लावला, मला नीट पाहिलं, पुन्हा दिवा बंद केला. गाठ कातडीखालीच निघाली, हाड साफ होतं.

घरी आल्यावर गावात कळलं की माझ्या डोक्यात चरबी आहे. मी हाडाची काडी, आयुष्यभर अशीच. जाऊ ओट्यावर येऊन बसली आणि चार बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, “बाई एवढं खाते आन् जाते कुठी, हे मले कधी समजलंच नव्हतं. आता समजलं.” मी म्हटलं, तुझं कुठं जातं ते दिसतंच आहे. तिचा घेर मोठा आहे. ती उठून गेली, पण जाताना माझ्या दाराशी ठेवलेल्या खराट्याकडे पाहून गेली.

ऑपरेशनच्या दिवशी गाठीभोवतीचे केस काढले. डोक्याच्या मागे तळहाताएवढं टक्कल झालं. नर्स म्हणाली, येतील आजी. माझ्या वयात काय येतं आणि काय जातं हे मला तिनं सांगायची गरज नव्हती, पण मी गप्प राहिले, कारण तिच्या हातात वस्तरा होता. पालथं झोपवलं. डोक्यावर भोक असलेलं हिरवं फडकं टाकलं, भोकातून तेवढी गाठ वर. सुई टोचली ती लागली, चांगलीच लागली. मग ती जागा मेली. डॉक्टरीण म्हणाली, ओढल्यासारखं वाटेल, दुखलं तर सांगा, आणि बोलत राहा.

काय बोलायचं? मी झाडाचंच बोलले. मी खाली तोंड करून फरशीला सांगत होते आणि वर ती कापत होती. मोहफूल कसं पडतं, टोपली कुठं ठेवायची, जाऊ कशी आहे. मधे एकदा ती म्हणाली, तुमची जाऊ किती वर्षांची? मी म्हटलं, तुम्ही कापाकडे लक्ष द्या. तिनं दोन्ही बाजूंनी दाबलं आणि गाठ बाहेर आली, ओली शेंग दाबली की दाणा येतो तशी. मला दाखवली. पिवळी, चकचकीत, म्हशीच्या लोण्यासारखी. एवढी वर्षं डोक्यात घेऊन फिरले, आणि ती जावेच्या गालासारखी दिसत होती.

मी म्हटलं, फेकून द्या. ती म्हणाली, फेकायची नाही, काढलेली गाठ तपासायला पाठवायची, म्हणजे आपण समजलो तेच आहे हे पक्कं होतं. बाटलीत औषध टाकून त्यात गाठ ठेवली आणि बाटली पोराच्या हातात दिली, चंद्रपूरच्या लॅबमध्ये नेऊन दे. तो दुसऱ्या दिवशी कामावर जाताना डब्याच्या पिशवीत घेऊन गेला. गाडीत त्याच्या सोबत्यानं विचारलं की आज डब्यात काय. तो म्हणाला, माय. गाडीत त्या दिवशी त्याला सीट मोकळी मिळाली.

आणि मग मोहफूल लागलं.

त्याच्या आत सगळं उरकायचं असं मी ठरवलं होतं. पण उन्हं लवकर तापली आणि झाडानं डॉक्टरणीला विचारलं नाही. माझ्या डोक्याला पट्टी होती, कपाळावरून गुंडाळलेली, लग्नातल्या फेट्यासारखी. गाठ लिंबाएवढी होती, पट्टी पपईएवढी. तिच्यावर मुखवटा बांधून पाहिला तर मिशीवाला माझ्या पाठीतच पाहायला लागला. टाके निघेपर्यंत जंगल नाही. मी नाक्यापर्यंत जाऊन पाहिलं. गार्ड म्हणाला, बाई, आता तर वाघालाही तुमची दया येईल, पण नियम तो नियम.

रोज सकाळी जाऊ माझ्या अंगणातून जायची. तिला रस्ता दुसरा आहे. जाताना टोपलीत खराटा असायचा. ऊन चढल्यावर परत यायची तेव्हा टोपली भरलेली, मोहाचा गोड वास माझ्या ओट्यापर्यंत. मी विचारलं नाही कोणत्या झाडाचं. तिनं सांगितलं नाही. एक दिवस तिनं ओंजळभर फुलं माझ्या सुपात टाकली आणि म्हणाली, खाऊन घे बाई, तब्येत सांभाळ. मी ती फुलं शेळीला घातली.

टाके काढायला गेले त्या दिवशी तपासणीचा निकाल आला होता. साधी चरबी, दुसरं काही नाही. डॉक्टरणीला आनंद झाला. मला आधीच माहीत होतं, जावेनं गावभर केलं होतं. डॉक्टरीण म्हणाली की वण अजून कच्चा आहे, मुखवटा हलका बांधा, पण त्या जागेवर दाब पडू देऊ नका. मोळी नको, चुंबळ नको, घट्ट गाठोडं नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नाक्यावर गेले. मुखवटा बांधला. गार्ड ओणवा झाला. मी चालले. मागे काहीच आवाज येईना. वळून पाहिलं तर तो गुडघ्यावरच बसला होता आणि त्याचं तोंड फुललं होतं.

“बाई, सरळ. अशी नजर साऱ्या गावात कोणाची नाई.”

जसं ऑपरेशन त्यानंच केलं होतं. मी पुढे निघाले.

झाडाखाली सगळं स्वच्छ झाडलेलं होतं. जाऊ तिथंच होती, टोपली अर्धी झाली होती. मग आम्ही भांडलो. सगळं सांगत बसत नाही, त्यात आमच्या दोघींच्या माहेरच्या लोकांबद्दल बरंच होतं. तिचं म्हणणं, झाडलं मी. माझं म्हणणं, तू झाडायला लागलीस ती मी नाक्यावर अडवले गेले म्हणून, आणि अडवले गेले तेव्हा तू हसत होतीस. गावात विचारलं असतं तर गाव तिच्या बाजूनं गेलं असतं, हे मला कळत होतं. म्हणून मी विचारायचं सोडून टोपली खाली ठेवली आणि वेचायला लागले. जो वेचतो त्याला हात धरून कोणी थांबवत नाही.

जाऊ कमरेवर हात ठेवून माझ्या मागे उभी राहिली आणि बोलत राहिली. मी वाकून वेचत राहिले. आणि मग ती बोलायची थांबली.

माझी जाऊ बोलायची थांबत नाही. मला वाटलं, आला. मी तशीच वाकलेली, हातात फुलं. वळून पाहायची हिंमत होईना.

“बाई, हालू नको.”

“काय हाये?”

“तुहा माणूस आभाळाकडे पाहून राह्यला.”

मी उभी राहिले. ती म्हणाली, आता सरळ पाहतोय. मी वाकले. ती म्हणाली, आता आभाळात. मग मी तिला वाकायला लावलं आणि तिच्या मागे उभी राहिले. तिचाही मिशीवाला आभाळाकडे पाहून हसत होता. ती उकिडवी बसली, तरी वेचायला मान खाली घातली की तो वर. त्या जंगलात त्या घटकेला आमच्या गावच्या सगळ्या बायका आपापल्या झाडाखाली वाकलेल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यामागे एक गोरा माणूस चिमण्या मोजत होता. प्रत्येक बाई आपल्या झाडाखाली एकटी, म्हणून कोणी कोणाचं पाहिलंच नव्हतं. गार्डनं सगळ्यांना उभ्यानं तपासलं होतं. उभ्यानं मोहफुलं कोणी वेचत नाही.

जावेनं पुढं येऊन माझ्या मुखवट्याच्या वरच्या कडेखाली हलकी मूठ घातली, वणाला न लावता. मला वाकायला सांगितलं. मी वाकले.

“आता कसा?”

“आता माह्याकडे पाह्यते. सरळ.” तिनं मूठ काढली. “बाई, तुह्यी गाठ काऊन काढली व?”

मी तिच्या तोंडावर हातातली फुलं फेकली. पण ती खरं बोलत होती. टाचांकडे पाहणारा माणूस मी वाकले की सरळ मागे पाहत होता. सगळ्या गावात मोहफूल वेचायच्या कामाचं डोकं एकच होतं, आणि ते मी दवाखान्यात जाऊन भांडून सपाट करून आणलं होतं.

परतताना आम्ही नाक्यावर गार्डला सांगितलं. वाकून दाखवलं. त्यानं मागे ओणवं होऊन पाहिलं, मग उभा राहून पाहिलं. टोपी काढली, डोकं खाजवलं. त्याला राग आला नाही, वाईट वाटलं. फार वेळ विचार करून तो म्हणाला, “मग वाकू नका.” आणि गाडीला किक मारून गेला.

त्याला दोष देत नाही. वरून आलेलं पोतं होतं, ते वाटायचं होतं. पण बायका वाकायच्या थांबणार नव्हत्या. जावेनं त्याच संध्याकाळी गावभर फिरून सांगितलं, आणि उपाय तिनंच काढला हेही सांगितलं. नाक्यावर सरळ मुखवटा दाखवायचा. नाका गेला की डोक्यावरची चुंबळ काढायची आणि मुखवट्याच्या वरच्या भागाखाली खुपसायची, बरोबर तिथं जिथं माझी गाठ होती. चुंबळ प्रत्येकीकडे असतेच, टोपली डोक्यावर घ्यायला लागते. दोन दिवसांत गावातल्या सगळ्या बायकांना गाठ आली. कोणाची लाल लुगड्याची, कोणाची गोणपाटाची. बसवायला अडचण आली की माझ्याकडे यायच्या. माझ्या डोक्यावरचा वण बघायच्या, बोटानं अंदाज घ्यायच्या, आणि म्हणायच्या, अजून थोडी डावीकडे.

मला मात्र चुंबळ लावता येत नव्हती. वण कच्चा होता, दाब पडला की डोळ्यांसमोर चांदण्या यायच्या. मी पुन्हा तालुक्याला गेले. डॉक्टरणीला म्हटलं, गाठ परत बसवता येते का? तिनं पेन खाली ठेवलं आणि या वेळी हसली. बराच वेळ हसली. मग म्हणाली, आजी, वण पक्का व्हायला हवा, हा मोसम सोडा. मोसम सोडा म्हणजे झाड सोडा, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण तिच्याकडे रोज शंभर माणसं येतात.

घरी आले तर जाऊ ओट्यावर बसलेली. तिला सगळं माहीत होतं. तिनं सरळ सांगितलं की तुझा माणूस आभाळात पाहतो, तुला चुंबळ चालत नाही, तू एकटी वाकलीस तर मागून कोण पाहणार? मी उभी राहते तुझ्या मागे. तू वेच, मी जंगलावर नजर ठेवते. मग मी वेचते, तू उभी राहा. फुलं अर्धी अर्धी.

मी म्हटलं, झाड माझं आहे. ती म्हणाली, झाड तुझंच, मी कुठं नाही म्हणते, अर्धं तुझं. मी रात्रभर विचार केला असं म्हणणार नाही. भाकरी टाकेपर्यंत विचार केला. वाघ एकीकडे, जाऊ दुसरीकडे. वाघ निदान बोलत नाही. पण वाघ फुलं वेचून देत नाही.

तेव्हापासून असंच चाललं आहे. गार्डची बदली झाली, बरेच मुखवटे फाटले, एक माझ्या नातवानं नाल्यात सोडला. वण पक्का झाला, केस आले, पांढरे आले. मुखवट्याखाली चुंबळ आता चालेल, पण जावेला सांगितलेलं नाही, तिनं विचारलेलंही नाही. पहाटे दोघी निघतो. मी वाकते, ती मागे उभी राहते. मी मधे मधे मान वळवून पाहते. जंगलाकडे तिची पाठ असते. ती माझ्या टोपलीकडे पाहत असते, अर्धी झाली का.